रात्री काढून ठेव

९ मार्च

मायना काय लिहावा ते सुचलं नाही, म्हणून तसंच सुरू करतो. राग मानू नये.

फोन असताना पत्र कशाला, असं वाटेल. पण फोन तुझ्या आईकडे असतो, आणि ती जवळ असली की 'जेवण झालं का' याच्यापुढे माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. आज ती तिच्या बहिणीकडे गेली आहे. मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलोय. ती यायच्या आत हे संपवून टपालपेटीत टाकायचं आहे.

बरगडीत दुखतं म्हणून तू कामावर सुट्टी घेतलीस, असं आईनं सांगितलं. पार्सलची खोकी उचलून दुखत असेल, म्हणाली. मग म्हणाली, "छातीला पट्टी बांधलेली असते. दिवसरात्र. खोलीत दुसरा मुलगा राहतो ना, त्याच्यासमोर काढायची कशी." ती आणखी काही बोलेल म्हणून मी पेपर तोंडासमोर धरला.

गेल्या वर्षी तू आम्हाला फोनवर जे सांगितलंस, की मला मुलगाच समजा, लहानपणापासून मी तोच आहे, त्यावर मी अजून एक शब्द बोललेलो नाही. आजही बोलत नाही. हे पत्र फक्त पट्टीबद्दल आहे.

आमच्या लाँड्रीत एक माणूस आहे, साधारण माझ्याच वयाचा. त्याला काही कारणानं छाती बांधून ठेवावी लागते. कारण विचारू नये. त्याच्याकडून कळलं ते लिहितो.

मुरगळलेल्या पायाला बांधतात ती लवचिक पट्टी छातीला मुळीच बांधू नये. माणूस श्वास घेतो तसतशी ती सरकत जाते आणि आवळत जाते. सकाळी सैल वाटते, दुपारपर्यंत तिचा फास झालेला असतो. चिकटपट्टी त्याहून वाईट, कातडी सोलून काढते. छातीसाठीच शिवलेली घट्ट बंडी विकत मिळते, ती घ्यावी आणि माप घेऊन घ्यावी. एक नंबर लहान घेतल्यानं छाती जास्त सपाट होत नाही, दम तेवढा कमी होतो. एकावर एक दोन घालू नयेत. सात-आठ तासांच्या वर अंगावर ठेवू नये, मधूनमधून एखादा दिवस अंगाला सुट्टी द्यावी. ओझं उचलायचं काम असेल तेव्हा तर सैलच असावी. आतून पातळ सुती बनियन असलं की घाम टिपला जातो.

आणि रात्री काढून ठेवावी. बाकी सगळं विसरलं तरी हे विसरू नये. खोलीतल्या मुलाची अडचण असेल तर जाड कापडाचा ढगळ सदरा घालून झोपावं. आत्ता दुखतंय तोवर काहीच बांधू नये, आणि डॉक्टरला दाखवावं.

त्या माणसाला एवढं कसं माहीत, तर त्यानं हे सगळं उलटं करून पाहिलंय.

पत्राचं आईजवळ बोलू नये.

बाबा


६ एप्रिल

बाळा,

तुझं उत्तर मिळालं. तीनच ओळी होत्या. "असा कोणी माणूस नाही, बाबा. मी बांधणं सोडावं म्हणून तुम्ही दोघांनी रचलेली गोष्ट आहे ही. माझी लाज वाटत असेल तर सरळ तसं लिहा."

आईला यातलं काही ठाऊक नाही. आणि तो माणूस आहे. तो मीच.

हे वाक्य लिहून मी उठलो, पाणी प्यायलो, गॅलरीत जाऊन आलो. परत बसलो तरी वाक्य तिथंच आहे. खोडावंसं वाटतं. पण खोडलं तर तू पट्टी काढणार नाहीस.

चौदा-पंधरा वर्षांचा असताना माझी छाती वाढायला लागली. आधी वाटलं सूज आहे, उतरेल. उतरली नाही. तलावावर पोहायला जायचो तिथं मुलांच्या लक्षात आलं, आणि दुसऱ्या दिवसापासून वर्गात माझं नाव 'मावशी' पडलं. मागून हाक यायची, "मावशी, डबा काय आणलाय?" मास्तरांनाही हसू आवरायचं नाही. पोहणं सुटलं. घरी कुणाला सांगणार? जुन्या चादरीची पट्टी फाडली आणि बांधली. तेव्हापासून बांधतोय. चादर जाऊन दवाखान्यातली पट्टी आली, एवढाच फरक.

लाँड्रीत वाफेनं जीव नकोसा होतो. सगळे पुरुष बनियनवर काम करतात, मी पूर्ण बाह्यांच्या सदऱ्यात, गळ्यापर्यंत गुंड्या लावून. तिथं मला कुणी नावानं ओळखत नाही, 'गुंडी' म्हणतात. तुला वाटायचं, बाबा किती टापटीप राहतात. तुझ्या आईनंही कधी काही विचारलं नाही. मी अंधारात कपडे बदलतो, ती भिंतीकडे तोंड करून झोपते, असं आमचं चाललंय.

तू लहान असताना मी तुला कधी छातीशी धरून झोपवलं नाही. खांद्यावर घ्यायचो. तुझा चिमुकला हात लागून तुला काही कळेल, अशी भीती वाटायची. सहा महिन्यांच्या पोराला काय कळणार? पण चोराच्या मनात चांदणं.

तू फोनवर सांगितलंस तेव्हा मला लाज वाटली, हे खरं आहे. तुझी नाही वाटली. मला वाटलं, माझ्याच अंगातली खोट तुझ्यात उतरली, फक्त उलटी होऊन उतरली. आईनं मला विचारलं, "तुम्हाला लाज वाटते का?" मी गप्प राहिलो. तिनं त्याचा काय अर्थ काढला असेल आणि तुला काय सांगितलं असेल, हे तिला विचारायचा धीर मला होत नाही.

मागच्या पत्रात 'तू गेलीस' लिहू की 'तू गेलास', यातच माझी गाडी अडत होती. ते टाळत टाळत सगळं पत्र कसं लिहिलं, माझं मला माहीत. आता टाळत नाही. तू घर सोडून गेलास त्या दिवशी तुला पोचवायला यायचं, तर कामावरून निघायला जमत नाही असं मी म्हणालो होतो, ते खोटं होतं. मी रजा घेतली होती, फक्त निघताना तू मिठी मारशील याची भीती वाटली.

पट्टी काढ. डॉक्टरला दाखव. मला शिव्या द्यायच्या असतील तर नंतर दे.

बाबा


१९ मे

बाळा,

तुझं लांबलचक पत्र मिळालं. कामावर नेलं आणि जेवणाच्या सुट्टीत पुन्हा वाचलं.

बरगडीला तडा गेलेला नाही, स्नायू दुखावलाय, हे वाचून जीव भांड्यात पडला. डॉक्टरांनी सांगितलं म्हणून मध्ये काही दिवस काहीच बांधलं नाहीस, ते बरं केलंस. मापाची बंडी मागवलीस, रात्री काढून झोपतोस, हेही. आणि खोलीतल्या मुलाला सगळं सांगून टाकलंस, तर तो "बरं" म्हणून कूस बदलून झोपला, हे वाचून मला हसू आलं. आयुष्यभर ज्या गोष्टीची माणूस धास्ती घेतो ती दुसऱ्याच्या झोपेएवढीही मोठी नसते. पण सगळेच त्या मुलासारखे नसतात, हेही ध्यानात असू दे.

तू लिहिलंस, "तुमची खोट माझ्यात उतरलेली नाही. तुम्ही लाजेनं बांधता. मी बांधलं की आरशात मला मी दिसतो. मला लपायचं नाहीये, बाबा." याचं उत्तर सवडीनं देईन. मनात घोळवतोय.

तू विचारलंस की मी स्वतः रात्री काढतो का. होय, काढतो. माझी काळजी करू नये. उन्हाळा आहे, हॉटेलांच्या चादरी दुप्पट येताहेत. जास्त लिहीत नाही.

बाबा


११ जून

बाळा,

येऊ नकोस. आधी हे लिहून घेतो.

आईनं तुला फोनवर सांगितलं की बाबा कामावर चक्कर येऊन पडले, उन्हामुळे झालं. तसं सांग, असं मीच तिला म्हणालो होतो. खरं काय झालं ते आता लिहितो.

मागच्या पत्रात मी खोटं बोललो. मी रात्री कधीच काढत नव्हतो. अंघोळीपुरती काढायची, दुसरी कोरडी बांधायची, की झालं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण. तुला बंडी घे म्हणून सांगितलं, स्वतःला घेतली नाही. दुकानात जाऊन कुणाला तरी माप सांगावं लागलं असतं.

या महिन्यात लाँड्रीत नवा नियम निघाला. उकाड्यामुळे सगळ्यांना पातळ पांढरे टी-शर्ट दिले, तेच घालायचे. मुकादमाला वाटलं आपण कामगारांचं भलं करतोय, आणि बाकीचे खूशही होते. मी आरशासमोर उभा राहिलो तर त्या कापडातून पट्टीची कड दिसत होती. आणि तिच्या वर छातीचा उभारही दिसत होता. म्हणून मी एकावर एक दोन पट्ट्या बांधल्या. होता नव्हता तेवढा जोर लावून आवळल्या.

चादरींना इस्त्री करणाऱ्या मोठ्या रोलरवर माझी पाळी होती. दुपारी वाफेचा एक नळ गळायला लागला, पंखेही बंद पडले. मला श्वास वरच्या वर लागत होता. बोटांना मुंग्या आल्या. बाजूला होऊन पट्टी सैल करावी, एवढं डोक्यात येत होतं, पण त्यासाठी सगळ्यांसमोरून मोरीकडे जायला हवं होतं, आणि आत जास्त वेळ गेला तर कुणीतरी दार वाजवलं असतं. असा विचार करत उभा राहिलो तेवढ्यात डोळ्यांपुढे काजवे चमकले. ओल्या चादरींच्या ढिगावर पडलो म्हणून डोकं फुटलं नाही.

शुद्धीवर आलो तेव्हा पहिला पोटभर श्वास आत गेला. एवढा मोठा श्वास मी कित्येक वर्षांत घेतला नव्हता. छान वाटलं. आणि पुढच्या क्षणी कळलं की तो का घेता आला. टी-शर्ट मधोमध कापलेला होता. दोन्ही पट्ट्या कापलेल्या. बॉयलरवाला गुडघ्यावर बसला होता, त्याच्या हातात कात्री होती. आणि सगळे गोल करून उभे होते.

मी दोन्ही हात छातीवर घेतले, बायका घेतात तसे. त्यावरच कुणीतरी फिसकन हसलं. बाळा, मेल्याहून मेल्यासारखं झालं. धरणी पोटात घेईल तर बरं, असं लोक म्हणतात, मला वाटायचं बोलायची पद्धत आहे. तसं खरंच वाटतं.

बॉयलरवाल्यानं ढिगातली एक चादर ओढून माझ्या अंगावर टाकली आणि मागे वळून म्हणाला, "सर्कस आलीये का इथं? पाणी आणा, आणि दार उघडा."

दवाखान्यात डॉक्टरीण होती, तुझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी असेल. आईला तिनं आत बसू दिलं. पट्टीखालची कातडी जागोजागी ओली होऊन सडली होती, बुरशी धरली होती. फासळ्यांवर दाबलं तर दोन ठिकाणी ओरडलो. खांदे पुढे काढून चालायची जी सवय आहे त्यानं पाठीला बाक आलाय, तो आता पुरता जायचा नाही म्हणाली. तू खांदे पाडून चालत असशील तर आजच सोड.

तिनं विचारलं, कधीपासून बांधता. मी सांगितलं. तिचं लिहिणं थांबलं. मग ती म्हणाली की पुरुषांना असं होतं, पुष्कळांना होतं, तो काही गुन्हा नाही. या वयात एकदा नीट तपासून घ्यायला हवं, तेवढं करू. आणि बांधल्याशिवाय करमत नसेल तर श्वास घेता येईल असं काहीतरी घाला. "इतक्या वर्षांत तुम्हाला हे कुणी सांगितलं नाही?"

मी म्हणालो, "मुलानं विचारलं होतं. मी त्याला खोटं सांगितलं."

तुझी आई माझ्याकडे बघायला लागली. तुझ्याबद्दल तो शब्द माझ्या तोंडून तिनं पहिल्यांदा ऐकला.

घरी आल्यावर ती पाठीला, काखेखाली मलम लावत होती. उजेड होता. मी डोळे मिटून घेतले होते. ती म्हणाली, "मला काय माहीत नव्हतं का? पट्ट्या धुवून तुम्ही टॉवेलखाली वाळत घालता, ते टॉवेल काढतं कोण?" मी विचारलं, मग कधी बोलली का नाहीस. तर म्हणाली, "तुम्ही कधी दिवा लावू दिलात का? अंधारात काय बोलणार माणूस." एवढंच बोलली आणि मलमाचं झाकण लावून आत गेली. नंतर बराच वेळ नळ सुरू होता.

तर येऊ नकोस. तुला शिकवायला निघालो आणि स्वतः तोंडघशी पडलो. या तोंडानं तुझ्यासमोर बसणं मला जमणार नाही.

बाबा


२८ जुलै

चिरंजीवास,

येऊ नकोस म्हणून लिहिलं आणि तू आलास. बाप सांगतो ते ऐकायचं नाही, हे मात्र सगळ्या मुलांसारखंच.

समोरासमोर मला बोलता येत नाही हे तू पाहिलंसच. तू सहा दिवस घरात होतास आणि मी तुझ्याशी पाऊस, भाडी आणि गळक्या नळाबद्दल बोललो. म्हणून हे लिहितो.

माझ्या बंडीसाठी तू मापाची टेप काढलीस आणि "हात वर करा" म्हणालास, तेव्हा मी उठून आत गेलो. तू मागे आला नाहीस. दाराबाहेरून म्हणालास, "मी पाठ फिरवून उभा राहतो. तुम्ही घ्या माप, मला फक्त आकडा सांगा." मी घेतलं, आणि मुद्दाम कमी सांगितलं. तुला ते लगेच कळलं. तू म्हणालास, "बाबा, मीही पहिल्यांदा कमीच सांगितलं होतं. ती बंडी डोक्यातून खालीच उतरली नाही, मैत्रिणीला बोलावून काढून घ्यावी लागली." मग मी बाहेर आलो आणि हात वर केले. तू बनियनवरून टेप फिरवलीस, आकडा लिहिलास, आणि टेप गुंडाळताना विचारलंस की चहा ठेवू का. त्या वेळी माझे डोळे भरून आले होते. तू तिकडं वळलास ते बघून वळलास की खरंच चहासाठी, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. काहीही असो, बरं केलंस.

तू बंडी काढल्यावर सोफ्यावर बसून खांदे मागे घेतोस, लांब श्वास घेतोस, एक-दोनदा खोकतोस, ते मी पेपराआडून बघत होतो. मीही तसंच करतो आता. आई म्हणते, तू इथं असतास तर घरात दोन म्हातारे खोकतात असं शेजाऱ्यांना वाटलं असतं.

तपासणीत काही निघालं नाही. कातडी भरून येतेय. ती भरल्याशिवाय डॉक्टरणीनं काही घालू दिलं नाही, म्हणून कामावर जायला उशीर झाला. परत गेलो तो तू मागवलेली बंडी घालून. पाळीपुरती घालतो, घरी आल्या आल्या काढतो, धुतो, सावलीत वाळत टाकतो. टॉवेलखाली टाकत नाही. रविवारी काहीच घालत नाही. रात्री काढून झोपतो. हे खरं आहे, आईला विचार.

कामावर कसं चाललंय हे तू फोनवर विचारलंस आणि मी ठीक म्हणालो. तेवढं ठीक नाही. पहिल्याच दिवशी इस्त्रीवरच्या एकानं दोन हातरुमाल टी-शर्टमध्ये कोंबले आणि माझ्यासमोरून ठुमकत गेला. सगळे हसले, मुकादमही. आणि मीही हसलो, बाळा. त्याच्या नकलेची मला तेवढी लाज वाटली नाही जेवढी माझ्या हसण्याची वाटली. बॉयलरवाला तेवढा हसला नाही. तो आपली बॉयलरमधली राख ओढत राहिला.

दुसऱ्या दिवशी मी मुकादमाच्या खोलीत गेलो. म्हणालो, हा टी-शर्ट मी घालणार नाही, माझा सदरा घालीन. त्यानं विचारलं, कारण? मी म्हणालो, "कारण तुम्ही सगळ्यांनी उभं राहून पाहिलंय." तो टेबलावरचे कागद सारखे करत बसला. शेवटी म्हणाला, घाला. बाहेर आलो आणि सगळ्यांसमोरून मोरीत जाऊन सदरा घातला. हातरुमालवाला अजूनही मधूनमधून काहीतरी पुटपुटतो. मी हसत नाही, एवढंच जमलंय.

तू लाजेबद्दल जे लिहिलं होतंस त्याला माझं उत्तर राहिलंय. खूप विचार केला. तू आरशात स्वतःला बघायला बांधतोस. मी कुणी बघू नये म्हणून बांधतो. तुझं कारण माझ्यापेक्षा चांगलं आहे. मला ते या जन्मी मिळेल असं वाटत नाही, पण तुला मिळालं याचा आनंद वाटतो. थोडा हेवाही वाटतो.

गेल्या आठवड्यातली गोष्ट सांगतो आणि थांबतो. संध्याकाळी अंघोळ करून साध्या बनियनवर बसलो होतो, आत काही नव्हतं. बेल वाजली. आई न्हाणीघरात होती. दाराबाहेरून समोरच्या घरातल्या काकांचा आवाज आला, दिवा बदलायचाय, शिडी मिळेल का. एरवी मी थांबा म्हणून आत पळालो असतो. त्या दिवशी उठलो आणि शिडी घेतली. खोटं कशाला सांगू, छातीसमोर आडवी धरूनच दार उघडलं. काका हात पुढे करून उभे. आता शिडी त्यांच्या हातात दिली की माझ्यासमोर काहीच उरणार नव्हतं. मी ती क्षणभर सोडलीच नाही. ते ओढतायत, मी धरून. मग दिली.

त्यांनी पाहिलं की नाही, सांगता येणार नाही, कारण मी त्यांच्या चपलांकडे बघत होतो. "उद्या आणून देतो," म्हणाले. मी म्हणालो, "सावकाश द्या, घाई नाही."

दार लावून भिंतीला टेकून उभा राहिलो. लाज गेली असं लिहिलं तर पुन्हा खोटं होईल. कानांच्या पाळ्या गरम झाल्या होत्या.

शिडी अजून त्यांच्याकडेच आहे. रोज संध्याकाळी वाटतं, आज बेल वाजेल. आणि तुझी आई, जी जन्मभर पहाटे न्हायली, ती हल्ली नेमकी त्याच वेळेला न्हाणीघरात जाऊन कडी लावून घेते.

बाबा